पश्चिमेची भिंत आणि आजींचा ताप

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमारास जवळच्याच कॉलनीतल्या एका आजींना रिक्षातून दवाखान्यात आणले. वय ७४. अंग तव्यासारखे तापलेले, पण घामाचा टिपूस नाही. हाक मारली की डोळे उघडत, पण पोटच्या मुलाला ओळखत नव्हत्या. तापमापकाने १०६ दाखवले.

“डॉक्टरसाहेब, दोन दिवसांपासून ताप आहे. पॅरासिटामॉल चालू आहे, पण उतरतच नाही.”

“उन्हात गेल्या होत्या का?”

“नाही हो. आठ दिवसांत आईने उंबरठासुद्धा ओलांडलेला नाही.”

खरे सांगायचे तर या उत्तराने मीही चकलो. मलेरिया, मेंदूज्वर, लघवीतला जंतुसंसर्ग अशी यादी डोक्यात फिरू लागली आणि त्यात मोलाची काही मिनिटे गेली. मग सुनेने सहज सांगितले, “त्यांची खोली रात्री भट्टीसारखी होते, आम्ही तिथे दहा मिनिटे बसू शकत नाही.” तेव्हा उलगडा झाला. ओली चादर, वर पंखा, काखेत, जांघेत आणि मानेशी बर्फाच्या पिशव्या, सलाईन आणि लगेच मोठ्या रुग्णालयात रवानगी. तो उष्माघात होता, आणि तो घरात, पलंगावर झालेला होता.

जंतुसंसर्गाच्या तापात मेंदूतले तापमानाचे नियंत्रणच वरच्या आकड्यावर गेलेले असते. पॅरासिटामॉल ते खाली आणते. उष्माघातात नियंत्रण जागेवरच असते, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही एवढेच. तिथे गोळीचा उपयोग शून्य. अंग बाहेरून गार करणे हाच उपाय, आणि तोही ताबडतोब. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. म्हातारपणी तहान कमी लागते, घाम कमी येतो, आणि आजींना रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू होती. दिवसा तापलेल्या शरीराला रात्रीचा गारवा मिळाला तर हृदय थोडे विसावते. इथे रात्रच दिवसापेक्षा वाईट होती.

चार-पाच दिवसांनी मी मुद्दाम त्यांचे घर पाहायला गेलो. पेठेतले जुने धाब्याचे घर पाडून हे लोक कॉलनीत आले. दुमजली, देखणे घर. आजींची खोली वर, नैऋत्येला. पश्चिमेची भिंत सहा इंची विटेची, बाहेरून चॉकलेटी रंग, वर उघडा स्लॅब. घरातल्या कर्त्या माणसाने नैऋत्येला झोपावे असे वास्तुशास्त्रवाल्यांनी सांगितले, म्हणून आईला मानाने ती खोली दिलेली. पलंगाचे डोके नेमके त्या भिंतीला. रात्री नऊ वाजता मी भिंतीवर तळहात टेकवला, आणि चहाच्या कपाला लावावा तसा तो चटकन काढून घेतला.

आता यामागचे गणित. मे अखेरीस आपल्या जळगावात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला उन्हाळ्यात फारसे ऊन लागतच नाही. मार खाते ते छत, आणि त्याखालोखाल पूर्व-पश्चिमेच्या भिंती. पूर्वेची भिंत सकाळी, हवा त्यातल्या त्यात गार असताना तापते. पश्चिमेची तापते ती दुपारी दोन ते सहा, म्हणजे हवाही सर्वांत गरम असताना. ही उष्णता विटेतून आत झिरपायला वेळ लागतो. सहा इंची भिंतीला साधारण चार-पाच तास, नऊ इंचीला सहा-सात. म्हणजे बाहेर वारा पडतो, लोक अंगणात खुर्च्या टाकतात, त्या वेळी दुपारचे ऊन तुमच्या उशाशी पोहोचते. गडद रंग असेल तर जास्तच.

धाब्याच्या घरातली दोन-दोन, अडीच-अडीच फुटांची मातीची भिंत इतकी जाड असायची की दिवसरात्रीचा चढउतार आतपर्यंत येतच नसे. छतावर खारी मातीचा थर. दिवसा खिडक्या बंद, रात्री सारे उघडे, आणि माणसे धाब्यावर झोपलेली. मला त्या घरांचे गोडवे गायचे नाहीत. अंधार, विंचू, दर पावसाळ्याआधीची मातीची कामे हे सारे मी लहानपणी पाहिले आहे. पण आपण भिंत पातळ केली, आणि जाडीचे काम दुसऱ्या कशाने तरी करून घ्यायचे विसरलो.

ते काम हवा करते. कोंडलेली, स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक. आपल्याकडे ‘सिपोरेक्स’ म्हणून ओळखले जाणारे हलके ब्लॉक याच तत्त्वावर चालतात. सिमेंट, चुना आणि राख किंवा वाळू यांच्या गाऱ्यात अ‍ॅल्युमिनियमची भुकटी घालतात, त्यातून वायू सुटून ब्लॉक पावासारखा जाळीदार होतो, मग तो दाबाखालच्या वाफेत पक्का करतात. भाजलेल्या विटेच्या मानाने यातून उष्णता तिसऱ्या-चौथ्या हिश्शानेच आत येते. तोटेही आहेत. पाणी शोषतात, बेताचा गवंडी असला तर गिलाव्याला भेगा जातात, आणि जड कपाट टांगायला साधा खिळा पुरत नाही. राखेच्या भरीव विटा मात्र वेगळ्या. त्या चांगल्या असतील, पण उष्णता अडवण्यात त्यांना लाल विटेपेक्षा फार सरस समजू नये.

लाल वीटच हवी असेल तर केरळात लॉरी बेकर यांनी रूढ केलेली पद्धत आहे. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचायच्या, म्हणजे नऊ इंची भिंतीच्या पोटात हवेचे कप्पे राहतात. विटाही सुमारे पाव हिश्शाने वाचतात. आपले मिस्त्री याला नाके मुरडतात, “साहेब, पोकळ भिंत टिकेल का?” केरळातली ती घरे पिढ्यान्‌पिढ्या नाही तरी काही दशके नक्कीच उभी आहेत.

घर बांधून झाले असेल तर? पहिले, भिंतीला ऊन लागूच देऊ नका. पश्चिमेला नुसता छज्जा पुरत नाही. चारनंतर सूर्य छज्ज्याखालून आत येतो. तिथे उभी सावली लागते. भिंतीपासून हातभर अंतरावर बांबूची तट्टी, हिरवी जाळी, मधुमालतीचा वेल, नाहीतर झाड. आतला पडदा तेवढा कामाचा नाही, कारण तोवर उष्णता घरात आलेली असते. दुसरे, बाहेरून पांढरा रंग आणि गच्चीवर चुना, दर उन्हाळ्यापूर्वी. तिसरे, खर्च झेपत असेल तर भिंतीच्या बाहेरच्या अंगाने थर्माकोलसारखे उष्णतारोधक पत्रे लावून वर जाळी आणि गिलावा. हे आतून लावण्यापेक्षा बाहेरून चांगले, आणि आगीचा विचार करून जाणत्या माणसाकडूनच करवून घ्यावे. एवढे केले की एसी लावणाऱ्यांचे बिलही उतरते. उघड्या पश्चिम भिंतीसमोर एसी लावणे म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी भरणे.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. उष्णता अडवणारी भिंत आतली उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. रात्री खिडक्या उघडल्याच पाहिजेत. १९९५ च्या जुलैत अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक माणसे गेली. त्यांत एकटी राहणारी, वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसे पुष्कळ होती, आणि चोरांच्या भीतीने अनेकांनी खिडक्या लावून घेतलेल्या होत्या. आपल्याकडे चोरांबरोबर डासही आहेत. गज आणि जाळी, दोन्ही बसवा. कूलर लावला तरी खिडकी उघडी हवी, नाहीतर ओलावा साचतो आणि घाम वाळत नाही.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. भिंती, खिडक्या आणि छतातून घरात किती उष्णता यावी याच्या मर्यादा तिच्यात घातल्या आहेत. पण ती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी. गल्लीतल्या आपल्या बंगल्याचा विचार आपणच करायचा.

आजी वाचल्या. चार दिवसांनी शुद्धीवर आल्या, पण बोलणे अडखळते राहिले आहे आणि चालताना तोल जातो. उष्माघात मेंदूला असा चटका लावून जातो. त्यांचा पलंग आता खाली, उत्तरेच्या खोलीत आहे.

परवा त्यांचा मुलगा धाकट्या भावाच्या घराचा नकाशा घेऊन आला. त्यातही नैऋत्येलाच शयनगृह. मी म्हटले, “अरे, नैऋत्य जड असावी, तिकडच्या भिंती जाड असाव्यात, हेही तुमच्या वास्तुशास्त्रातच आहे ना? ते कसे विसरलात?” तो हसला. मग माझ्याच लेटरपॅडवर आम्ही जिना उचलून पश्चिमेला आणला, त्याच्या शेजारी कपाटांची भिंत घेतली आणि आईची खोली ईशान्येकडे सरकवली. तो कागद घेऊन तो वास्तुवाल्यांकडे गेला आहे. काय उत्तर येते ते अजून कळलेले नाही.