बाहुलीची तिपेडी वेणी

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या भागांतील मराठी घरांत क्रोशाच्या सुईने बाहुल्या विणणाऱ्या भगिनी आजही भेटतात. हात, पाय, धड व डोके विणून आत कापूस भरला की काम संपले, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु बाहुलीला खरे बाहुलीपण येते ते केसांमुळे, आणि घोडे पेंड खाते ते नेमके तेथेच. कोठे टाळू उघडी दिसते, कोठे केस ओढताच हाती येतात. म्हणून या एवढ्याशा विषयावर थोडे विस्ताराने लिहावे, असे आम्ही योजिले आहे.

लोकरीचे केस ही कल्पना नवी नव्हे. जॉनी ग्रूएल या अमेरिकन चित्रकाराने १९१५ साली ज्या बाहुलीचे पेटंट घेतले, ती 'रॅगेडी अ‍ॅन' पुढे तांबड्या लोकरीच्या केसांसाठीच जगभर ओळखली गेली. आपल्याकडे तर खोट्या केसांची कला घरोघरी ठाऊक होती. ज्यांचे केस विरळ, त्या स्त्रिया वेणीत गंगावन गुंफीत. बाहुलीचे केस म्हणजे एका अर्थी गंगावनच होय.

आता कृती पाहू. बाहुलीचे डोके सुमारे ८ सेंटीमीटर रुंद आहे असे धरू. डोके विणतानाच मागची बाजू केसांच्या रंगाच्या लोकरीने विणावी, म्हणजे पुढे दोन बटांमधून टाळू दिसत नाही. नंतर २२ सेंटीमीटर लांबीचा पुठ्ठा घेऊन त्यावर लांबीच्या दिशेने चारपदरी लोकरीचे ६० फेरे, न ताणता, गुंडाळावेत. एका कडेला कात्री लावली की ४४ सेंटीमीटरचे ६० धागे मिळतात. लोकर लागते २६ मीटर ४० सेंटीमीटर. विणून उरलेला लहानसा गुंडाही यास पुरतो.

हे धागे डोक्यावर आडवे पसरावेत. धाग्यांचा मध्य तोच भांग. कपाळापासून मानेकडे १० सेंटीमीटर लांबीचा भांग धरल्यास दर सेंटीमीटरला सहा धागे बसतात. मोठ्या नेढ्याच्या सुईत त्याच रंगाचा धागा ओवून भांगावर उलटी टीप घालावी. प्रत्येक टाक्यात डोक्याची वीण पकडली गेली पाहिजे. भांगाच्या दोन्ही अंगांना साठ-साठ धागे येतात. त्यांचे वीस-वीसचे तीन पेड केले की दोन तिपेडी वेण्या तयार होतात. कानाच्या जागी दोन टाके घालून वेणी पक्की करावी, म्हणजे केस गालावर येत नाहीत.

केस मोकळे ठेवावयाचे असल्यास निराळी रीत बरी. धागा दुमडून क्रोशाच्या सुईने त्याचा फास विणीच्या घरातून बाहेर ओढावा व दोन्ही टोके त्या फासातून काढून आवळावीत. आधी कपाळाची व मानेची कड भरावी, मग मधला भाग. कुरळ्या केसांसाठी लांब साखळी विणून तिच्या प्रत्येक घरात दोन-दोन खांब घातले की ती आपोआप पीळ घेते. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती मात्र सुट्या धाग्यांची बाहुली देऊ नये. ती धागा ओढून तोंडात घालतात. त्यांच्यासाठी केसांची टोपीच विणून शिवून टाकावी.

रंगाविषयी थोडे सांगावयाचे आहे. बाजारातील पुष्कळ बाहुल्यांचे केस पिवळे असतात. आपल्या लेकीचे केस काळेभोर, तिच्या आजीचे पांढरे. मग तिच्या बाहुलीचेच केस तेवढे परके का असावेत? दख्खनी मेंढीची लोकर मुळातच काळी असते. धनगर व कुरुब मंडळी तिचे सूत काढतात, चिंचोक्यांची खळ लावून घोंगडी विणतात. कानडीत तीच कंबळी. हे सूत राठ खरे, पण त्याला रंगवावे लागत नाही, आणि राठपणामुळेच वेणी सहजी सुटत नाही. घोंगडीला गिऱ्हाईक उरले नाही, ही मेंढपाळांची व्यथा आहे. चार बाहुल्यांनी ती दूर होणार नाही. पण आपल्या माळावरची लोकर मुलीच्या हाताला ओळखीची तरी होईल.

त्याहून मोलाची गोष्ट भाषेची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद म्हैसूर राज्यात आले. म्हैसूरचे १९७३ साली कर्नाटक झाले, गुलबर्ग्याचे २०१४ साली कलबुर्गी. नावे बदलली तरी घरातील बोली टिकली. आमच्या शाळेतील मुली मैत्रिणीच्या वेणीला कानडीत 'जडे' म्हणतात, उर्दूत 'चोटी' म्हणतात. त्याचे आम्हांस कौतुकच आहे. तीन भाषा सहज बोलणारे मूल भाग्याचे. परंतु वर्गात 'पेड' म्हणजे काय असे विचारले, तेव्हा बहुतेकींनी झाडाकडे बोट दाखविले! अंबाडा, खोपा, बुचडा, सागरवेणी ही नावे तर त्यांच्या कानांवरूनही गेलेली नव्हती. असे शब्द धड्यातून पाठ करून येत नाहीत. ज्या हातांना ते काम ठाऊक, त्या हातांशेजारी बसूनच ते मिळतात. हल्ली शाळेच्या घाईत मुलींचे केस कापून आखूड ठेवलेले असतात. आईलाही सकाळी वेळ नसतो. मग वेणी घालायला शिकावे कोणाच्या डोक्यावर?

त्यासाठी बाहुली आहे. ती 'दुखते' म्हणून ओरडत नाही आणि दहादा वेणी उसवली तरी कंटाळत नाही. येत्या सुटीत घरातील आजीला मुलींच्या मध्ये बसवावे, ६० धागे मोजण्याचे काम धाकटीकडे द्यावे, तीन पेडांची वाटणी थोरलीकडे. तिपेडी जमली की धागे चौघांत वाटून चारपेडी शिकवावी. साठाला चाराने भाग जातो आणि प्रत्येक पेडास पंधरा धागे येतात.