किनाऱ्यापलीकडील गोवा

गोव्यास जावयाचें ठरलें कीं बहुतेक कुटुंबें समुद्रकांठीं उतरतात आणि चार दिवसांनीं पायांची वाळू झटकून परततात. समुद्र रमणीय आहे, यांत वाद नाहीं. परंतु तेवढेंच पाहून येणें म्हणजे उंबरठ्यावरून परतणें होय. वर्षाकाठीं मिळणारी चार दिवसांची रजा व तीस लागणारा खर्च ध्यानीं घेतां, थोडा विचार आधींच केलेला बरा.

गोवा समजण्यास एक प्रश्न पुरे आहे. तेथील इतकीं प्रसिद्ध देवळें एकट्या फोंडा तालुक्यांत कां? इ. स. १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं तिसवाडी जिंकली. १५४३ मध्यें सासष्टी व बारदेश त्यांच्या हातीं गेले. पुढें तेथील देवळें पाडलीं जाऊं लागलीं, तेव्हां भाविकांनीं आपलीं दैवतें जुवारी नदीपार नेलीं; कारण फोंडा त्या वेळीं विजापूरच्या आदिलशहाकडे होता. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. फोंडा पोर्तुगीजांकडे गेला तो अठराव्या शतकांत. तोंवर धर्मच्छळाचा जोर ओसरला होता, म्हणून हीं देवळें वांचलीं.

यास्तव मुक्काम फोंड्यासच करावा. पहिल्या दिवशीं देवळें व आदिलशाही काळची साफा मशीद पाहावी. दुसरा दिवस जुन्या गोव्यास द्यावा. सेंट झेवियरचे अवशेष जेथें आहेत तें बॉम जेझुस चर्च १६०५ सालचें. रोगराईनें तें शहर ओस पडत गेलें व १८४३ मध्यें राजधानीचा मान पणजीस मिळाला. एवढें सांगितलें म्हणजे तीं भव्य चर्चें वस्तीवांचून कां उभीं आहेत, हें मुलांस उमगतें.

तिसऱ्या दिवशीं तांबडी सुर्ल गांठावें. जांभ्या दगडाच्या या मुलुखांत सह्याद्रीच्या पायथ्याशीं, रानाच्या कुशींत, काळ्या पाषाणाचें कदंबकालीन महादेवमंदिर आहे. चौथ्या दिवशीं रिवण गांवाजवळ कुशावतीच्या कांठीं जावें. तेथें उघड्या जांभ्यावर आदिमानवानें बैल, हरिणें व वेटोळ्यांची चक्रें कोरलीं आहेत. त्यांवर पाय ठेवूं नये.

जून ते सप्टेंबर पाऊस असतो. दूधसागर धबधबा तेव्हां भरांत असतो खरा, पण कुळ्याहून तिकडे जाणारी जीपगाडी त्या दिवसांत बंद असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. वृद्ध मंडळी बरोबर असल्यास सकाळीं एक व सायंकाळीं एक, अशीं दोनच स्थळें धरावीं. दुपारीं विसांवा घ्यावा. देवळांत व चर्चमध्यें खांदे-गुडघे झांकणारा पोषाख असावा.

रिवणहून परततांना सायंकाळीं सासष्टीच्या किनाऱ्यावर अवश्य बसावें. पुढें मडगांवाहून फोंड्यास येतांना बोरीच्या पुलावर जुवारी ओलांडावी लागते. तेथें मुलांस नदीचें रुंद पात्र दाखवावें व सांगावें कीं, माणसें आपले देव घेऊन हेंच पाणी उतरून गेलीं.