रक्ताच्या कॅन्सरची गोळी आणि पेटंटचा निकाल

रक्ताचा कॅन्सर म्हटले की दुकानातला माल आणि घरातले दागिने विकायची वेळ आली, असे समजले जाते. सीएमएल नावाच्या प्रकारापुरते तरी हे आता खरे नाही. त्याचे मूळ सापडले आहे, त्यावर नेमकी गोळी आहे आणि ती आपल्याकडे परवडणाऱ्या भावात मिळते. आम्ही कापडाचे व्यापारी, डॉक्टर नव्हे. पण यात व्यापाराचाही भाग आहे, म्हणून लिहीत आहोत.

या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात नोवेल व हंगरफोर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी उलगडा केला. ९ व २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून त्यांची अदलाबदल होते. दोन थाने फाटावीत आणि एकाचा तुकडा दुसऱ्याला शिवला जावा, तसे. त्या जोडावर बीसीआर व एबीएल ही जनुके एक होतात. त्यांच्यापासून बनणारे प्रथिन पेशींना वाढण्याचा हुकूम सतत देत राहते. हा दोष जन्मानंतर होतो. तो आईबापांकडून येत नाही, स्पर्शाने पसरत नाही. तेव्हा रुग्णाच्या मुलामुलींच्या सोयरिकीत त्याची आडकाठी नको.

इमॅटिनिब ही गोळी त्याच प्रथिनाला रोखते. २००१ साली अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली. पुढे भारतात नोव्हार्टिस कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर देशी कंपन्यांच्या त्याच औषधाचा ८ ते १० हजार, असा फरक होता. नोव्हार्टिसच्या पेटंट अर्जाला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननेही हरकत घेतली. १ एप्रिल २०१३ रोजी सुप्रीम कोर्टाने पेटंट नाकारले. कलम ३ (डी) प्रमाणे माहीत असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपाला, त्याचा गुण वाढल्याचे सिद्ध झाल्याशिवाय, पेटंट मिळत नाही. नवी घडी घातली म्हणून जुने कापड नवे होत नाही, हे आपल्या धंद्यात कोणाला सांगायला नको.

बीसीआर-एबीएलची रक्ततपासणी झाल्यावरच इलाज ठरवावा. ही गोळी प्रत्येक कॅन्सरवर चालत नाही. फुप्फुसाच्या काही कॅन्सरांत एएलके जनुकाचा जोड असतो, त्याची औषधे वेगळी. रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी मनाने बंद करू नये, रोग उलटतो. आणि डॉक्टरांना जेनेरिक गोळीबद्दल विचारण्यात संकोच कसला?