मर्क्युरी ऑक्साईड: मलमात आणि क्रीममध्ये लपलेला पारा

पायाला सूज येते, लघवीला फेस येतो, अशी तक्रार घेऊन कोणी आले की मी रक्तदाब, साखर आणि वेदनाशामक गोळ्यांबद्दल विचारतो. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे: "चेहऱ्याला काय लावता?" अनेकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. क्रीम म्हणजे काही औषध नव्हे, तिचा किडनीशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो पाऱ्याच्या संयुगांमुळे येतो. त्यांपैकी मर्क्युरी ऑक्साईडची माहिती आज घेऊया.

मर्क्युरी ऑक्साईड म्हणजे काय?

पारा आणि ऑक्सिजन यांचे हे संयुग. थर्मामीटरमधला पारा पातळ आणि चकचकीत असतो, हे मात्र भुकटीच्या रूपात असते. ही भुकटी लाल-नारिंगी किंवा पिवळी दिसते. दोन्हींचे रसायन एकच, फक्त पिवळ्या भुकटीचे कण अधिक बारीक असतात. वजनाने पाहिले तर तिच्यात सुमारे ९३ टक्के पाराच असतो.

शाळेत तुम्ही हिच्याबद्दल वाचले असेल. ऑगस्ट १७७४ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टली यांनी मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून लाल भुकटी तापवली, तेव्हा तिच्यातून ऑक्सिजन बाहेर पडला. पण भुकटी तापली की ऑक्सिजनबरोबर पाऱ्याची विषारी वाफही सुटते. म्हणून अशी भुकटी, मलम किंवा जुने सेल कधीही जाळू नका.

पाण्यात विरघळत नाही, मग अपाय कसा होतो?

मर्क्युरी ऑक्साईड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण आम्लात विरघळते. आपल्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. भुकटी पोटात गेली की या आम्लाशी तिची क्रिया होऊन मर्क्युरिक क्लोराईड तयार होते. ते सहज विरघळते, आतड्याच्या अस्तराला भाजते आणि रक्तात शिरते. पाऱ्याचे असे क्षार मुख्यतः किडनीत साठतात आणि तिथल्या पेशींना इजा करतात.

पारा त्वचेतूनही शरीरात जातो. रोज दोन वेळा, महिनोन्महिने क्रीम चोळली, तर थोडा थोडा करत तो बराच साठतो.

याचा वापर कुठे होत असे?

* डोळ्यांचे मलम: पापण्यांच्या कडा सुजल्यास पूर्वी १ ते २ टक्के पिवळे मर्क्युरिक ऑक्साईड असलेले मलम लावत. आता अधिक सुरक्षित औषधे आहेत. घरात जुनी ट्यूब सापडली तर ती वापरू नका.
* बटन सेल: श्रवणयंत्रे, घड्याळे, कॅमेरे आणि सुरुवातीचे पेसमेकर यांत मर्क्युरिक ऑक्साईडचे सेल असत. पाऱ्यावर नियंत्रण आणणाऱ्या मिनामाता कराराने असे सेल बनवणे थांबवण्यासाठी २०२० ही मुदत ठेवली. भारत २०१८ पासून या करारात आहे. मात्र मुलाने कोणताही बटन सेल गिळला तर "यात पारा नाही" म्हणून थांबू नका. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांतही तिला भाजू शकतो. लगेच रुग्णालय गाठा.
* रंग उजळवणाऱ्या क्रीम: पाऱ्याचे क्षार त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतात, म्हणून काही क्रीममध्ये ते बेकायदा घातले जातात. या क्रीममध्ये पाऱ्याचे वेगवेगळे क्षार आढळतात आणि मर्क्युरी ऑक्साईड हे त्यांपैकी एक.

धोका खरा आहे

केरळमधील एका रुग्णालयात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे २२ रुग्ण आढळले. या आजारात किडनीच्या गाळणीतून प्रथिने वाहून जातात. त्यांपैकी १५ जणांमध्ये 'नेल-१' हा त्याचा एक विशिष्ट प्रकार होता आणि या १५ पैकी १३ जण रंग उजळवणारी क्रीम वापरत होते.

धोका क्रीम लावणाऱ्यापुरता राहत नाही. टॉवेल, उशीचे अभ्रे आणि हातांच्या स्पर्शातून पारा घरातल्या इतरांपर्यंत, लहान मुलांपर्यंतही पोहोचतो. गर्भवतींनी विशेष जपावे.

लेबलवर काय पाहाल?

'मर्क्युरी' असे स्पष्ट लिहिलेले असेलच असे नाही. पुढील नावेही पाऱ्याचीच आहेत: कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराईड, अमोनिएटेड मर्क्युरी, मर्क्युरिक आयोडाईड, क्विकसिल्व्हर आणि हायड्रार्जिरी ऑक्सिडम रुब्रम. शेवटचे नाव म्हणजे लाल मर्क्युरी ऑक्साईड. "सोने, चांदी, ॲल्युमिनियम यांना लागू देऊ नका" अशी सूचना असेल, तरी संशय घ्या. घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता किंवा परवाना क्रमांक नसलेली डबी घेऊच नका, मग ती ओळखीच्या पार्लरमधली का असेना.

कोणती लक्षणे दिसतात?

*भुकटी पोटात गेल्यास:* तोंडात धातूची चव, घशात आणि पोटात जळजळ, उलट्या, रक्ताचे जुलाब. पुढे लघवी कमी होते किंवा बंद होते.

*हळूहळू साठल्यास:* लघवीला फेस, चेहऱ्यावर आणि पायांवर सूज, वाढलेला रक्तदाब, हात थरथरणे, झोप न लागणे, चिडचिड, विसरभोळेपणा. मुलांमध्ये हातपाय लाल होऊन दुखतात.

लगेच काय कराल?

* पोटात गेल्यास उलटी करायला लावू नका. मीठपाणी किंवा इतर घरगुती उपाय करू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालयात जा आणि डबी सोबत न्या.
* डोळ्यात गेल्यास वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटे डोळा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.
* त्वचेवर लागल्यास साबण-पाण्याने धुवा आणि कपडे बदला.
* संशयित क्रीम आजपासून बंद करा, पण फेकू नका. पिशवीत बंद करून डॉक्टरांकडे आणा.

तपासणी आणि उपचार

लघवीतील प्रथिने, क्रिएटिनिन आणि लघवीतील पाऱ्याचे प्रमाण यांवरून अंदाज येतो. गरज पडल्यास किडनीची बायोप्सी करतात. शरीरातील पारा बांधून बाहेर काढणारी औषधे आहेत, पण ती फक्त तज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्यायची असतात. 'डिटॉक्स'चे काढे हा त्यांना पर्याय नाही.

दिलासा देणारी गोष्ट अशी की क्रीम वेळेत बंद केल्यास अनेकांच्या लघवीतील प्रथिने हळूहळू कमी होतात आणि किडनी सावरते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या पाकिटांबरोबर क्रीम, मलम आणि भस्मांच्या डब्याही न्या. क्रीमबद्दल सांगताना संकोच करू नका. त्यासाठी तुम्हाला कोणी नावे ठेवणार नाही, आणि त्या एका उत्तराने किडनी वाचू शकते.