माप घ्यावं बसल्यावर

जॅकेट घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहतं, छाती पुढे काढतं, हात सरळ खाली सोडतं आणि म्हणतं, ‘‘एकदम बरोबर बसलंय.’’ धारावीतल्या आमच्या कारखान्यात या वाक्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. मोटरसायकल काही उभ्यानं चालवत नाहीत. सीटवर बसून हात हँडलला लागले, की बाही मनगटावरून मागे सरकते आणि पाठ कमरेवरून वर चढते. माणूस उंच आणि शिडशिडीत असेल, तर ती इतकी वर चढते की मागून बनियन दिसतं.

मी तिथे फर्मे कापतो. फर्मे म्हणजे पुठ्ठ्याचे ते तुकडे, ज्यांच्यावरून पुढे चामडं कापलं जातं. जॅकेट नीट बसणार की नाही, हे पहिल्यांदा या पुठ्ठ्यावर ठरतं. दुकानातल्या आरशाची पाळी फार उशिरा येते.

तयार जॅकेटं एकाच मूळ मापावर बेतलेली असतात. साधारण मध्यम बांध्याचा माणूस धरायचा, त्याचा फर्मा पक्का करायचा आणि मग त्यातून मोठे-लहान साइज काढायचे. साइज वाढवताना छातीला चार सेंटिमीटर दिले, तर बाहीला जेमतेम एक मिळतो. म्हणजे या हिशेबात माणूस वाढतो तो आडवा. सहा फूट तीन इंच उंची आणि अडतीस छाती, असा मुलगा या तक्त्यात कुठे सापडतच नाही. मिडियम घेतलं तर बाही तोकडी, एक्सएल घेतलं तर आत आणखी एक जण मावेल. जर्मनीत कपड्यांची मापं ठरवणाऱ्यांनी याचा विचार फार चांगला केलेला आहे. तिथे नेहमीच्या बांध्याला ५० नंबर असेल, तर तशाच छातीच्या पण उंच, सडपातळ माणसाला ९८ नंबर आणि बुटक्या, भरलेल्या माणसाला २५. एका छातीला तीन वेगवेगळे नंबर. मोटरसायकलच्या कपड्यांतही तिकडच्या काही कंपन्या हे लांब नंबर काढतात. ते तक्ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी हरखून गेलो होतो.

हा सगळा प्रश्न दिसण्याचाच असता, तर मी एवढा जीव टाकला नसता. चालवायच्या जॅकेटमध्ये खांद्याला आणि कोपराला कवच असतं. युरोपात त्याला ईएन १६२१ हे मानक लावतात. कवच कितीही उत्तम असलं तरी पडताना ते कोपरावर असायला हवं. आखूड बाहीत ते कोपराच्या वर, दंडावर जाऊन बसतं. मोठ्या साइजच्या बाहीत ते कोपरापर्यंत पोचतं खरं, पण बारीक हाताभोवती बाही सैल असल्यामुळे घसरताना गरकन बाजूला फिरतं. रस्त्याला लागतं ते मग नुसतं कोपर.

एकदा पुण्याहून एक इंजिनीअर आला होता. परदेशातून आणलेलं, चांगलं जाड, एक्सएल मापाचं जॅकेट. म्हणाला, ‘‘बाजूनं आत घेऊन द्या फक्त.’’ आमचे मुख्य कारागीर, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी ते त्याला घालायला लावलं आणि दोन्ही हात वर करायला सांगितले. सगळं जॅकेट हातांबरोबर वर गेलं. चाचांनी त्याच्या काखेत हात घालून दाखवला, मुठीएवढी जागा रिकामी होती. मोठ्या मापाचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, खोल असतो आणि बाजूची शिवण आत घेतली तरी तो तसाच राहतो. खोल मुंढ्याचं जॅकेट हात उचलला की अख्खं वर उचललं जातं. शिवाय चामड्याला एकदा सुई लागली की ते भोक कायमचं. आत घेता येतं, पण घेतलेलं पुन्हा बाहेर सोडलं तर जुन्या टाक्यांची रांग उघडी पडते. चाचांनी काम नाकारलं. त्या मुलाचे पैसे वाचले, पण तो नाराज होऊन गेला, याचं मला वाईट वाटलं होतं.

दुसरे येतात ते मोबाइलमध्ये मार्लन ब्रँडोचा फोटो घेऊन. १९५३च्या ‘द वाइल्ड वन’मधलं ते तिरक्या चेनचं काळं जॅकेट. त्याचा मूळ नमुना, पर्फेक्टो, न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग शॉटनं १९२८मध्ये काढला आणि आपल्या आवडत्या सिगारचं नाव त्याला दिलं. तिरकी चेन शोभेसाठी नाही. पुढचे दोन पल्ले एकमेकांवर चढतात, त्यामुळे वारा आत शिरत नाही. कमरेशी ते मुद्दाम आखूड आहे, म्हणजे वाकून बसल्यावर पोटाशी गोळा होत नाही. पण ब्रँडो काही ताडमाड उंच नव्हता. लांब धडाच्या माणसाला तेच जॅकेट बरगड्यांखाली संपल्यासारखं दिसतं. अशा वेळी आम्ही पुढची लांबी तशीच ठेवतो आणि फक्त मागची पाठ वाढवतो. समोरून फोटोतलं जॅकेट राहतं, मागून कंबर झाकली जाते.

मोटरसायकलच्या शर्यतीतल्या लोकांना ही अडचण येत नाही, कारण त्यांचं सगळं अंगावर बेतूनच शिवलेलं असतं. व्हॅलेंतिनो रॉसी सहा फुटांच्या आसपास, दानी पेद्रोसा जेमतेम सव्वापाच. दोघं एकाच शर्यतीत धावले, पण दोघांचे सूट काटेकोर त्यांच्या त्यांच्या मापाचे. ते सूट वाकलेल्या अंगावर बेतलेले असतात, म्हणून गाडीवरून उतरल्यावर ही मंडळी पोक काढून चालताना दिसतात.

वाकलेल्या अंगावर बेतायच्या या मार्गानं आम्ही पूर्णपणे गेलो ते मिरजेच्या एका मुलीमुळे. पाच फूट अकरा इंच, व्हॉलीबॉल खेळणारी, हात लांबच लांब. वडिलांबरोबर आली होती. बायकांच्या जॅकेटांत तिची बाही मनगटाच्या चार बोटं आधीच संपायची आणि पुरुषांच्या जॅकेटांत खांदे उतरायचे. तिला स्पितीला जायचं होतं. वडील तंबोरे बनवणारे, मिरजेच्या तंबोऱ्यांच्या प्रसिद्ध गल्लीतले. चाचा चामडं पसरत असताना त्यांनी विचारलं, ‘‘लाकडाला रेषा असते, तशी याला असते का हो?’’ चाचांचा चेहरा खुलला. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकानं हा प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

असते. जनावराच्या कण्याच्या दिशेनं चामडं कमी ताणतं, आडवं जास्त. पोटाकडचं तर फारच ढिलं. म्हणून खांदा, कोपर, पाठ हे तुकडे कण्याजवळून कापायचे आणि पोटाचा भाग आतल्या पट्ट्यांना वापरायचा. बाहीची लांबी कण्याच्या रेषेत ठेवायची. अंगात थोडं घट्ट असलेलं जॅकेट वापरून सैल होतं, पण आखूड बाही कधी लांब होत नाही, ते याचमुळे.

चाचांनी तिला आमच्या दाराशी उभ्या असलेल्या बुलेटवर बसवलं. ‘‘बेटा, हँडल पकडो, जैसे चलाती हो वैसे.’’ मग मी माप घेतलं. मानेच्या मणक्यापासून खांद्यावरून, वाकलेल्या कोपराच्या टोकावरून मनगटापर्यंत. आणि मणक्यापासून माकडहाडापर्यंत, पाठ वाकलेली असतानाच. खांद्यापासून कोपराचं टोक किती दूर आहे, हे वेगळं लिहून घेतलं. कवचाचा खिसा त्यावरच ठरतो. उभं राहून घेतलेल्या मापापेक्षा बाही दोन बोटं आणि पाठ चार बोटं जास्त भरली.

आधी मांजरपाटाचं कच्चं जॅकेट शिवलं. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा ते घालून पुन्हा बुलेटवर बसली. मुंढा आणखी वर घेतला, कोपरात बाहीला वाक दिला, खांद्यामागे चुण्यांची पट्टी टाकली म्हणजे हात पुढे गेला की ती उघडेल. मग चामड्याचा प्रश्न. तिला बकरीचं हवं होतं, हलकं आणि मऊ. पण एक बकरीचं कातडं पाच-सहा चौरस फूट भरतं आणि तिची बाही त्यात अखंड बसेना. जोड द्यावा तर तो कोपरावर येत होता, आणि घसरताना शिवण सगळ्यात आधी तिथेच उसवते. २०१५च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानंतर गाईचं चामडं आम्ही कोलकात्याहून मागवतो. ते सव्वा मिलिमीटर जाडीचं घेतलं. वडिलांनी हातानं चाचपून, उजेडात धरून पसंत केलं. कमरेला मागे चेन दिली, पँटला जोडायला, म्हणजे पाठ वर चढण्याचा विषयच मिटला.

जॅकेट घालून ती गाडीवर बसली आणि मी कोपरावर दाबून पाहिलं. कवच जागेवर होतं. हात वर करायला सांगितलं, कंबर हलली नाही. चाचा काही बोलले नाहीत, फक्त त्यांनी तिचे फर्मे गुंडाळून टाकायला मनाई केली.

त्या फर्म्यांवरून मी पुढे चार लांब मापं काढली. पुरुषांसाठी खांदा वाढवला, बाकी प्रमाण तेच. कारखान्यात त्यांना ‘मिरज’ म्हणतात. ‘‘मिरज दोन निकालो,’’ असं कुणी ओरडलं की खिळ्यावरचा कोणता गठ्ठा काढायचा, हे नवीन पोरालाही कळतं.

मालकांचं म्हणणं होतं, लांब मापाला दर जास्त लावू, चामडं जास्त लागतं. मी दोन्ही फर्मे जमिनीवर मांडून दाखवले. एक्सएलची रुंदी आणि मिरजेची लांबी, दोघांनाही चामडं जवळपास सारखंच लागत होतं. चाचांनी स्वतः फूटपट्टी लावून बघितली आणि माझ्या बाजूनं बोलले. मालकांनी बराच वेळ हिशेब केला आणि मान्य केलं. मिरजेचा दर एक्सएलचाच ठरला.