घंटा वाजलीच नाही!

एक व्यावसायिक मुष्टियुद्धाचा बादशहा, दुसरा ऑलिम्पिकचा. महंमद अली आणि क्युबाचा तेओफिलो स्टीव्हन्सन समोरासमोर आले असते तर उभं जग टीव्हीपुढे बसलं असतं. पण ही लढत झालीच नाही. का?

जुलै १९७६. माँट्रियल ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत अमेरिकेचा धिप्पाड जॉन टेट रिंगमध्ये उतरला. समोर साडेसहा फुटांच्या घरातला स्टीव्हन्सन. त्याचा उजवा हात फिरला आणि पहिल्याच फेरीत टेट आडवा झाला! हाच टेट पुढे १९७९ मध्ये व्यावसायिक जगज्जेता झाला. यावरून स्टीव्हन्सनच्या ठोशाची कल्पना यावी.

त्याआधी १९७२ साली म्युनिकला त्याने अमेरिकेची मोठी आशा असलेल्या ड्युएन बॉबिकला लोळवलं होतं. माँट्रियलचं सुवर्णपदक दुसरं. साहजिकच अमेरिकी प्रवर्तकांच्या तोंडाला पाणी सुटलं. या पठ्ठ्याला अलीसमोर उभा केला तर? दहा लाख डॉलरच्या गोष्टी सुरू झाल्या.

पैसा की माणसं?

अडचण एकच होती, पण डोंगराएवढी. फिडेल कॅस्ट्रो यांच्या सरकारने १९६२ मध्येच क्युबात व्यावसायिक मुष्टियुद्धावर बंदी घातली होती. पैशासाठी लढायचं तर मायदेश सोडायचा. पुन्हा घरी परतण्याचा भरवसा नाही. शिवाय त्या काळी व्यावसायिक खेळाडूला ऑलिम्पिकचा दरवाजा बंद.

स्टीव्हन्सनने नकार दिला. ऐंशी लाख क्युबन माणसांच्या प्रेमापुढे दहा लाख डॉलरची काय किंमत, असा त्याचा सवाल होता. तो जगभर गाजला.

मग प्रवर्तकांनी तोडगा काढला. व्यावसायिक जगज्जेतेपदाची लढत तेव्हा १५ फेऱ्यांची, हौशी लढत ३ फेऱ्यांची. तेव्हा एकच मोठी लढत न ठेवता तीन-तीन फेऱ्यांच्या पाच लढती ठेवू, अशी कल्पना निघाली. पण हौशी आणि व्यावसायिक हे दोन वेगळे संसार. त्यात अमेरिकेचे क्युबावर आर्थिक निर्बंध. गाडी पुढे सरकेना. फेब्रुवारी १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सने अलीला हरवलं. सप्टेंबरमध्ये अलीने किताब परत मिळवला खरा, पण आता त्याचे पाय पूर्वीसारखे नाचत नव्हते. लढतीची वेळ टळून गेली होती.

दिल्लीहून आफ्रिकेला

१९८० च्या आरंभी अली भारतात आला. दिल्लीत आपल्या लष्करातल्या कौर सिंगबरोबर तो प्रदर्शनीय लढत खेळला. याच दौऱ्यात त्याला अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांचा निरोप आला. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या होत्या. आफ्रिकी देशांनी मॉस्को ऑलिम्पिकवर बहिष्कार घालावा म्हणून अलीने त्यांचं मन वळवावं, असा तो निरोप होता. अली भारतातूनच आफ्रिकेला गेला. शिष्टाई फसली.

आणि त्याच उन्हाळ्यात मॉस्कोत तिसरं सुवर्णपदक कोणी पटकावलं? स्टीव्हन्सनने! एकाच वजनगटात सलग तीन सुवर्णपदकं मिळवणारा तो पहिला मुष्टियोद्धा. चौथी संधी हुकली, कारण १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकवर क्युबाने बहिष्कार टाकला. खेळाडूंची नशिबं अशी राजकारणाच्या खुंटीला टांगलेली!

अखेर भेट झाली

१९९६ साली अली क्युबाला गेला, तो औषधांची मदत घेऊन. पार्किन्सनमुळे हात थरथरत होते, शब्द फुटत नव्हते. तिथे हे दोघे भेटले, मित्रांसारखे. कोण जिंकलं असतं, या प्रश्नाला तेव्हा काही अर्थ उरला नव्हता.

२०१२ मध्ये साठाव्या वर्षी स्टीव्हन्सन हवानात वारला. २०१६ मध्ये अलीही गेला. आणि २०२२ मध्ये क्युबाने आपल्या मुष्टियोद्ध्यांना व्यावसायिक लढतींची मुभा दिली.

स्टीव्हन्सनने लाखो डॉलर सोडून चूक केली का? हिशेबाची वही उघडली तर उत्तर 'हो' येईल. पण त्याचे देशबांधव त्याला आपला माणूस मानत राहिले, ही कमाई कुठल्या रकान्यात लिहायची?