आधी मोहरी, मग जिरं

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घराबाहेर पडलेल्या कितीतरी मराठी मुलामुलींचा पहिला स्वयंपाक म्हणजे वरण-भात. घरी फोन लावून विचारलेले प्रश्न बहुधा मापाचे असतात. पाणी किती? मीठ किती? शिट्ट्या किती? पण माप चुकलं तर पुष्कळदा सावरता येतं. वरण घट्ट झालं तर पाणी वाढवा, पातळ झालं तर आटवा, अळणी झालं तर वरून मीठ घाला. क्रम चुकला तर मात्र मागे जाता येत नाही. आधी काय आणि मग काय, एवढ्याशा गोष्टीत केवढं शास्त्र सामावलंय हे कळलं की हा रोजचा स्वयंपाक थक्क करून सोडतो.

सुरुवात डाळीपासून करू. तुरीच्या डाळीतल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं ते पेक्टिन. गरम पाण्यात ते हळूहळू सुटतं, पेशी मोकळ्या होतात आणि डाळ मऊ होते. पण पाणी आंबट असेल तर पेक्टिन सहजी सुटत नाही. म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो हे सगळं डाळ शिजल्यावर. आधीच घातलं तर शिट्ट्या वाढल्या तरी डाळीचे दाणे अख्खे राहू शकतात. बोअरच्या जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, त्याचंही कारण हेच पेक्टिन. पाण्यातलं कॅल्शियम त्याला आणखी घट्ट बांधून टाकतं.

आता कुकर. उघड्या पातेल्यात पाणी उकळू लागलं की त्याचं तापमान तिथेच थांबतं. समुद्रकाठी ते १०० अंश सेल्सिअस असतं, महाबळेश्वरच्या उंचीवर साधारण ९५. आच कितीही वाढवली तरी पाणी त्यापुढे तापत नाही, नुसतं जास्त वेगाने आटतं. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत चढतं. जेमतेम २० अंशांचा हा फरक, पण डाळ किती लवकर शिजते! दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनमध्ये असं भांडं बनवलं आणि त्याला वजनाने दाबलेली झडपही बसवली. १६८२ मध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्याने या भांड्यात रांधलेलं जेवण वाढलं, तेव्हा त्यातली हाडंसुद्धा मऊ झाली होती. आपली शिट्टी त्या झडपेच्याच वंशातली. तिचं काम जादा वाफ सोडण्याचं, वेळ मोजण्याचं नाही. म्हणून पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करावी आणि मिनिटं मोजावीत. दाब टिकलेला असला की डाळ शिजतच राहते.

आणि झाकण? वाफ पूर्ण जिरल्यावरच. तोवर आतलं पाणी १०० अंशांच्या वर असतं. दाब एकदम काढला तर ते क्षणात उसळून बाहेर येईल. भातालाही या थांबण्याचा फायदा होतो. तांदळातला स्टार्च ७० अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगतो. आच बंद केल्यावर शिताच्या बाहेरचा ओलावा आतपर्यंत सारखा पसरतो आणि शीत जरा सावरतं. तेवढ्यात घाईने डाव घातला तर शितं मोडतात.

क्रमाची खरी परीक्षा फोडणीत. मसाल्यांचे सुगंध पाण्यापेक्षा तेलात कितीतरी चांगले विरघळतात, म्हणून आधी तेल. ते नीट तापल्यावर मोहरी. दाण्यातल्या थोड्याशा ओलाव्याची वाफ होते, साल फुटतं, मोहरी तडतडते. हीच मोहरी पाण्यात वाटली असती तर नाकाला झोंबली असती. वाटताना दाण्यातलं विकर (एन्झाइम) आणि दुसरं एक द्रव्य एकत्र येतात आणि तिखट, सहज उडणारं तेल तयार होतं. तापलेलं तेल त्या विकरालाच निकामी करतं, म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते. मग जिरं, कारण ते लवकर करपतं. मग हिंग. हा फेरुला नावाच्या झाडाचा वाळलेला चीक. कच्चा असताना त्याचा गंधकी वास उग्र असतो, गरम तेलात तोच कांदा-लसणाच्या वळणावर जातो. कढीपत्त्याच्या पानांत पाणी असतं, म्हणून तेल थोडं निवतं. सगळ्यात शेवटी हळद. ती पूडच, क्षणात जळणारी. तिचा पिवळा रंग देणारं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र लगेच उतरतं.

पानात आधी भात, त्यावर वरण, मग तूप, आणि लिंबू अगदी शेवटी, कारण त्याचा ताजा वास आणि क जीवनसत्त्व दोन्ही उष्णतेपुढे टिकत नाहीत. तांदळात लायसिन कमी, डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ पुरवतो. प्रयोगशाळांनी ही नावं शोधण्याच्या कितीतरी आधी आपल्या घरांनी ही जोडी जमवली होती.

हा क्रम एकदा समजून केला की पुढचे पदार्थ परके राहत नाहीत. पिठलं, कांदेपोहे, बटाट्याची भाजी, आमटी, सगळीकडे तेच तापलेलं तेल, तीच मोहरी, तीच शेवटची हळद. तेव्हा पुढच्या फोनला मापाबरोबर आणखी एक प्रश्न जरूर विचारा: हे आधी का, आणि ते मग का?